शेवटच्या पानावरचं नाव

शुक्रवार पेठ, सोलापूर
२३ सप्टेंबर १९७३

तीर्थरूप धोंडिरामकाकांना नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली. अण्णांनी लिहिलेली ‘घोंगडीवाल्या’ची एकंदर एकतीस पुस्तकं आहेत, असं मी तुम्हाला कळवलं होतं. ती बत्तीस आहेत. अण्णांच्या कपाटात एकतीस होती आणि आईनेही एकतीसच सांगितली, म्हणून मी तसं लिहिलं. स्वतः माळा पाहायला हवा होता. काल अण्णांच्या श्राद्धासाठी मोठी पातेली काढायला माळ्यावर चढले, तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेला एक मोठा गठ्ठा दिसला. जुन्या वर्तमानपत्रांत बांधलेला, सुतळीला लाख लावलेली. वरचा कागद फाडला तर आत एकाच पुस्तकाच्या प्रती: ‘पेढीवरचा दरोडा’, क्रमांक बत्तीस, गड्ड्याची जत्रा, जानेवारी १९५७. वरच्या थरातली एक काढून घेतली. बाकीचा गठ्ठा अजून तसाच आहे.

नव्या आवृत्तीत आजच्या वाचकासाठी तुम्ही चार ओळींत घोंगडीवाल्याची ओळख मागितली होती. ती अशी लिहिली आहे, कमीजास्त करा: ‘गिरणीचा भोंगा वाजला की सोलापूरच्या बोळांतून एक माणूस निघतो. अंगावर काळी घोंगडी, हातात धनगरी काठी. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, तोंड कुणी पाहिलेलं नाही. पण ज्याच्या घरी चोरी झाली त्याच्या उंबऱ्यावर सकाळी माल परत असतो, आणि चोर चौकीच्या दारात बांधलेला असतो.’

अण्णा दर गड्ड्याला एक नवं पुस्तक आणायचे, आणि वर्षात आणखी दोनतीन. मग बत्तिसाव्यानंतर एकदम का थांबले? आणि हे पुस्तक माळ्यावर का? तुम्ही तेव्हा इथे छापखाना चालवत होता. तुम्हाला माहीत असेल.

तुमची
विजयमाला


नारायण पेठ, पुणे
१ ऑक्टोबर १९७३

चि. विजयमाला,

ओळख झकास. अगदी त्रिंबकची लेक. फक्त ‘धनगरी काठी’ काढ. आजकालचं पोरगं एस.टी. स्टँडवर पुस्तक चाळतं ते उभ्या उभ्या. त्याला पहिल्या पानावर मोटारसायकल पाहिजे, दुसऱ्यावर रिव्हॉल्व्हर. घोंगडी ठेवू, ती आपली खूण आहे. पण मोटारसायकलवर घोंगडी चाकात अडकते का हे एकदा बघून लिही, नाहीतर आपला वीर पहिल्याच वळणावर आडवा व्हायचा!

ठरल्याप्रमाणे पहिली बारा पुस्तकं येत्या गड्ड्याला बाजारात यायला हवीत. तू एकेक सुधारून पाठव, मी छपाईचे खिळे जुळवायला घेतो. दहा जानेवारी ही शेवटची तारीख.

बत्तिसावं राहू दे. कथा फिकी होती, खपली नाही, म्हणून बांधून ठेवली असणार. माळ्यावर धूळ फार असते, तुझा पाय आधीच नाजूक. गठ्ठा होता तिथं ढकल. आईची प्रकृती कळव.

तुझा
धोंडिरामकाका


शुक्रवार पेठ, सोलापूर
१० ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

पहिल्या दोन पुस्तकांचं सुधारून लिहिलेलं बाड वेगळ्या टपालाने पाठवलं आहे. मोटारसायकल घातली आहे. घोंगडी खांद्यावर घडी करून ठेवली, म्हणजे चाकाचा प्रश्न नाही.

बत्तिसावं मी वाचलं. कथा फिकी नाही. उलट ती सगळ्यांत चांगली आहे, म्हणून तुमचं म्हणणं मला कळलं नाही. शिवाय तिच्यात एक चूक आहे, ती दाखवल्यावाचून राहवत नाही. पेढी फोडणाऱ्याचं नाव पुस्तकभर ‘कल्लप्पा’ आहे. सेटलमेंटात, म्हणजे सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वस्तीत राहणारा, डाव्या करंगळीचं पेर नसलेला. पण अगदी शेवटच्या पानावर, जाड टायपात, घोंगडीवाला म्हणतो: “भीमा, तुझा खेळ संपला!” एवढ्या एकाच जागी भीमा. हा कुठून आला?

अण्णांची लिहिण्याची रीत मला अजून आठवते. माणूस डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्यांना लिहिता येत नसे. म्हणून कच्च्या लिखाणात ते ओळखीच्या माणसांचीच नावं घालायचे. छापून प्रूफ आलं की एका चिठ्ठीवर यादी करून द्यायचे: या नावाच्या जागी हे नाव. ते बदलण्याचं काम माझं. पायाच्या दुखण्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही. प्रूफं हीच माझी अंकलिपी. एक नियम अण्णांनी घालून दिला होता: वाचून झालं की पानाच्या पायथ्याशी बरोबरची खूण करायची, आणि ज्याची खूण, चूक त्याची. तेव्हा हेही प्रूफ मीच वाचलं असणार. मला काही आठवत नाही.

आईला विचारलं. ती चुलीपाशी होती. “कोण भीमा?” म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी करपत नाही, काका.

तुमची
विजयमाला


नारायण पेठ, पुणे
१६ ऑक्टोबर १९७३

चि. विजयमाला,

कंपोझिटरची डुलकी. शेवटच्या पानांचा तो फर्मा मीच जुळवला होता, चूक माझी. सोळा वर्षं झाली, आता मला कान धरून उभं करणार का? विषय संपला. आईला त्रास देऊ नकोस.

बाड मिळालं. मोटारसायकल उत्तम. तिसरं पाठव.

धोंडिरामकाका


शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर १९७३

काका,

दिवाळी झाली. तिसरं पुस्तक पाठवलं नाही, कारण लिहिलेलं नाही.

भाऊबीज आटोपल्यावर आईने आपणहून सांगितलं. भीमा म्हणजे, अण्णा गिरणीत टाइमकीपर असताना त्यांचा रिकामा डबा घरी आणून देणारा कामगार; सगळ्या गिरणीसारखा तोही अण्णांना मास्तर म्हणायचा. नाव ऐकल्यावर मला तो सगळा आठवला, तुटक्या करंगळीसकट. पहिली पाळी संपली की डबा घेऊन यायचा, ओट्यावर टेकायचा. मला चालता येत नव्हतं म्हणून त्याने रिकाम्या बॉबिनांची चाकं लावून एक गाडी केली होती. मी त्यावर बसायची आणि तो दोरीने ओढायचा. “मास्तरीणबाई, टांगा कुटं न्यायचा?” असं विचारायचा. बदल्यात मी त्याला अक्षरं शिकवली. फार नाही. दोनच. भी आणि मा. पाटीवर ती पुन्हा पुन्हा गिरवून तो म्हणायचा, “बास की. मानसाला आपलं नाव आलं म्हंजी झालं.” पुढे तो यायचा बंद झाला. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, गावी गेला.

गेल्या रविवारी मी सेटलमेंटात गेले. तिथे त्याची बहीण सोनाबाई राहते. दारात बसून गोधडी शिवत होती. मी ओळख सांगितली. तिने सुई थांबवली नाही.

“टायमकीपरची पोरगी? पाय बरा झाला व्हय तुजा?”

“झाला. थोडी लंगडते.”

“भीमा सांगायचा, पोरगी बसल्या जागी शाळा घेती म्हनून.” मग म्हणाली, “कशाला आलीस?”

मी पुस्तक दाखवलं. तिने ते हातात घेतलं नाही.

“हे ठावं हाय मला. गड्ड्यात त्येनंच इकत घ्येतलं हुतं. वाचाया येत न्हवतं, पन आपलं नाव येत हुतं. पानं उलटून उलटून हुडकलं, आन् शेवटी घावलं. असा नाचला, काय सांगू! सगळ्या वस्तीला दावलं. गिरणीत दावलं. ‘माजं नाव छापलंय, हे बगा, मोट्या अक्षरात.’ कुनी वाचून सांगितलं न्हाय त्येला काय लिव्हलंय ते. ज्येनं वाचलं त्यो हसला नुसता.”

“मग?”

“मग महिन्यानं खरीच पेढी फुटली. आमाला तारंच्या कुंपनात डांबायचा कायदा उठला हुता म्हनं, पन चोरी झाली की फौजदार पयला आमच्यातच यायचा. त्येच्या टेबलावर हेच पुस्तक. करंगळी बगितली, नाव बगितलं. म्हनला, टायमकीपरला गिरणीतलं समदं ठावं असतं, उगंच लिव्हंल व्हय? दोन वरसं आत घातला. त्या राती भीमा पाळीवर हुता गं.”

मी पुस्तक पिशवीत ठेवलं. तिनेच विचारलं, “च्या घेतीस?” चहा घेताना म्हणाली, “सुटल्यावर हितं ऱ्हायला न्हाय. श्रीपूरला हाय, साकर कारखान्यात. उसाच्या गाड्या वळीनं लावतो. पुस्तक अजून जपून ठिवलंय येड्यानं. म्हनतो, छापनाऱ्याची चूक झाली आसंल, मास्तर असं करनार न्हाय.”

छापणाऱ्याची चूक, काका. तुम्ही कंपोझिटरची डुलकी म्हणालात. डुलकीत जाड टायप लागत नाही. तुम्ही त्याला ओळखत होता. मला खरं सांगा, ते नाव तुम्ही मुद्दाम घातलंत का?

विजयमाला


नारायण पेठ, पुणे
२४ नोव्हेंबर १९७३

चि. विजयमाला,

हो. मुद्दाम घातलं. खरं नाव असलं की गिरणीत चर्चा होते, चर्चा झाली की खप होतो, असा माझा हिशेब होता. त्रिंबकला विचारलं नाही. तो त्यासाठी माझ्याशी वर्षभर बोलला नाही. तुला राग येणं बरोबर आहे. राग धर, पण एवढं कर, आता त्या गठ्ठ्याला हात लावू नकोस, आणि श्रीपूरला जाऊ नकोस. जुनी जखम आहे. जायचंच असेल तर मी जातो.

धोंडिराम


शुक्रवार पेठ, सोलापूर
२ डिसेंबर १९७३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

मी तुमच्यावर आळ घेतला, तो मागे घेते. तुम्ही कबुली दिलीत, तीही खोटी आहे. ती तुम्ही मागे घ्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सगळं जुळत होतं, पण गठ्ठ्यापासून दूर राहा, असं तुम्ही दोन पत्रांत दोनदा बजावलंत, ते जुळेना. गुन्हा कबूल केल्यावर गठ्ठ्याची भीती कशाला? म्हणून आज दुपारी मी तो खाली उतरवून पूर्ण सोडला. सगळ्यांत तळाशी, प्रतींच्या खाली, प्रूफं होती. सोबत अण्णांच्या अक्षरातली चिठ्ठी: ‘भीमाच्या जागी कल्लप्पा, सगळीकडे.’ ‘सगळीकडे’च्या खाली दोन रेघा.

पान पहिलं ते एकोणसाठ, जिथे जिथे भीमा छापलं होतं तिथे तिथे ते खोडून वर ‘कल्लप्पा’ लिहिलं आहे. लाल पेन्सिल, अक्षर माझं. एकही जागा सुटलेली नाही. साठाव्या पानावर ‘भीमा, तुझा खेळ संपला’ ही ओळ आहे. तिथे काही खोडलेलं नाही. नावाभोवती पेन्सिलीने एक गोल आहे आणि बाजूला माझ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘हे मोठं करा.’ पायथ्याशी बरोबरची खूण.

मग मला आठवलं. सगळं आठवलं. त्या दिवशी मी ओट्यावर एकटी होते. नावं खोडता खोडता मला वाईट वाटत होतं. भीमाचं नाव इतक्या वेळा छापून आलं होतं आणि मी ते एकेक करून मारत होते. वाटलं, एक तरी राहू द्यावं. त्याला शोधायला सोपं जावं म्हणून शेवटच्या पानावरचं ठेवलं. मोठं केलं, कारण त्याला बारीक टायपातलं अक्षर लागत नसे. कथेत तो कोण आहे, इकडे माझं लक्ष नव्हतं. पुस्तकात नाव येणं म्हणजे केवढा मान, एवढंच मला ठाऊक होतं.

मी त्याला दोन अक्षरं शिकवली, आणि त्याच दोन अक्षरांनी त्याला आत घातलं.

हे अण्णांना कधी कळलं? ते मला का बोलले नाहीत?

विजयमाला


नारायण पेठ, पुणे
१३ डिसेंबर १९७३

बाळ विजयमाला,

आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. म्हातारा झालो, खोटंही नीट बोलता येत नाही.

ते प्रूफ माझ्याकडे आलं तेव्हा मी गोल पाहिला आणि सांगितलं तसं मोठं केलं. माझ्याही डोक्यात आलं नाही. जत्रेची घाई होती, आणि तुझ्या खुणेवर सगळ्यांचा भरवसा होता. हो, तो फर्मा मीच जुळवला, तेवढं खरं.

त्रिंबकला कळलं ते भीमाला पकडल्यावर, मी ते प्रूफ काढून दाखवलं तेव्हा. त्रिंबकच्या खिशातल्या हजेरीच्या वहीत त्या रात्री भीमा ‘हजर’ होता. वही घेऊन तो चौकीवर गेला. फौजदाराने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “मास्तर, पुस्तकात तुम्ही त्याला चोर म्हणता, वहीत हजर म्हणता. एक काय ते ठरवून या.” कोर्टातही त्रिंबक साक्षीला उभा राहिला. समोरच्या वकिलाने शेवटचं पान मोठ्याने वाचलं. लोक हसले. तुझा बाप खाली उतरला तेव्हा त्याला पायरी दिसत नव्हती, मी हात धरला.

‘ते नाव माझ्या पोरीने राहू दिलं’ एवढं तो म्हणाला असता तर कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता. मी त्याला सांगितलं होतं, बोल. तो म्हणाला, “धोंडिराम, आठ वर्षांच्या पोरीला कोर्टात उभं करू? पुस्तक माझं, चूक माझी.” मग त्याने विकलेल्या प्रती दारोदार फिरून परत आणल्या, बांधल्या, आणि लेखणी ठेवली. तुला शाळेत घातलं ते त्याच जूनमध्ये.

दरवर्षी उसाचा हंगाम सुरू झाला की तो श्रीपूरला जायचा. दारात उभा राहायचा. भीमा चहा पाजायचा. तुझं नाव त्याने कधी सांगितलं नाही.

बाळ, हे मी तुला सांगणार नव्हतो. त्रिंबकला शब्द दिला होता. आता एक ऐक: गड्डा सोड, पुस्तकं सोड. पण श्रीपूरला जाऊ नकोस. भीमाला काय मिळणार आहे आता? तुलाच तेवढं ओझं.

तुझा
धोंडिरामकाका


शुक्रवार पेठ, सोलापूर
२८ डिसेंबर १९७३

तीर्थरूप काकांना नमस्कार.

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं. तुझ्या अण्णांनी शपथ घातली होती.” एवढंच. मग तिने माळ्यावरचा पसारा आवरायला घेतला.

एकतीसही पुस्तकं मी पुन्हा वाचली, या वेळी चोर कोण एवढंच बघत. एकोणीस पुस्तकांत तो सेटलमेंटातला आहे. अण्णांनी वाईट मनाने लिहिलं नाही. सगळं गाव असंच बोलायचं आणि तेही गावातलेच. पण ती एकोणीस मी मोटारसायकल घालून पुन्हा छापायला देणार नाही. पाठवलेल्या दोहोंपैकी दुसरं त्यांतलंच आहे. खिळे जुळवले असतील तर मोडा. माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, त्याची मला लाज आहे.

घोंगडीवाला मात्र परत येईल. तेहतिसावं पुस्तक मी लिहिलं आहे. त्याला रिव्हॉल्व्हर दिलेलं नाही. तो आता पन्नाशीचा आहे, घोंगडी विरली आहे. त्याने सोळा वर्षांपूर्वी चौकीच्या दारात बांधलेला माणूस निर्दोष होता, हे त्याला कळतं. तो भर दिवसा कोर्टात जातो, तोंडावरची घोंगडी काढतो आणि आपलं नाव सांगतो. तुम्ही म्हणाल, यात थरार कुठे? तो आपलं नाव सांगतो त्या ओळीत आहे, असं मला वाटतं. खरा चोर सापडतो. वाचकाला तो सापडायला हवा, एवढं मलाही कळतं.

त्या निर्दोष माणसाच्या नावाची जागा मी सगळीकडे कोरी सोडली आहे. तिथे कल्लप्पा लिहायचं, भीमा लिहायचं, की बाड चुलीत घालायचं, ते ठरवणं माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नाही. भीमाला वाचता येत नाही, म्हणून मी पूर्ण वाचून दाखवणार आहे. त्याआधी साठाव्या पानाचं प्रूफ त्याच्यापुढे ठेवणार आहे. गोल कुणी काढला ते सांगणार आहे. त्याला काय मिळणार, असं तुम्ही विचारलंत. सोळा वर्षं तो छापणाऱ्याची चूक म्हणतो आहे. निदान चूक कुणाची होती एवढं तरी बरोबर मिळेल. तो हाकलून देईल, असं मला रोज वाटतं. अण्णा दरवर्षी दारात उभे राहून खरं न सांगताच परत यायचे, माझंही तसंच होईल, असंही वाटतं. म्हणून आधी सोनाबाईंना सांगून आले आहे. गेले नाही तर त्या विचारायला येतील.

त्या गोधडी शिवत होत्या. सगळं ऐकलं. दोरा दाताने तोडला. मग म्हणाल्या, “सुट्टीच्या दिशी जा. त्येला आयतवारी सकाळची पाळी नसती. आन् रिकाम्या हातानं जाऊ नगंस, त्येला शेंगाची चटणी आवडती.”

तुम्ही जातो म्हणालात, पण जाऊ नका. खूण माझी होती.

दहा जानेवारीची वाट पाहू नका. मी रविवारी, ६ जानेवारी १९७४ रोजी, सकाळी सहाच्या टेंभुर्णीच्या एस.टी.ने श्रीपूरला निघणार आहे.

विजयमाला